‘छोट्या कोर्टात लवकर मिटेल’ या सल्ल्याबद्दल

प्रश्न: माझा मुलगा बत्तीस वर्षांचा आहे. न्यू जर्सीत एच-वन-बी व्हिसावर नोकरी करतो, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. दोन महिन्यांपूर्वी एका मोठ्या दुकानात सेल्फ-चेकआउटवर त्याने महागड्या हेडफोनवर आणि आणखी दोन वस्तूंवर स्वस्त मालाचे बारकोड चिकटवले आणि दारातच पकडला गेला. माल साडेपाचशे डॉलरच्या वरचा होता. आपणच केलं, असं त्याने मला फोनवर रडत सांगितलं. पगार उत्तम, कशाची ददात नाही, मग हे का, मला कळत नाही. दुकानाच्या वकिलाचं पैसे मागणारं पत्र आलं, ते त्याने भरले, तरी केस चालूच आहे. त्याचा वकील दोन वाटा सांगतो. एक, ‘पीटीआय’ नावाचा कार्यक्रम. सरकारी वकिलाने मान्य केलं तर दीड-दोन वर्षं देखरेख आणि मग केस रद्द. दुसरी, आरोप कमी करून घेऊन म्युनिसिपल, म्हणजे शहराच्या छोट्या, कोर्टात गुन्हा कबूल करायचा. वर्षभर नीट वागलं की तीही रद्द. मुलाला दुसरी बरी वाटते, कारण लवकर संपते. माझे धाकटे दीर म्हणतात, दोन्ही नको, लढ. सरकारी वकील फुकट सोडत नसतो, यात काहीतरी गोम आहे. मला तर पैसे भरून सुटणं म्हणजे लाचच वाटते. यजमानांना अजून सांगितलेलं नाही. डिसेंबरात पुतणीचं लग्न आहे, त्याने यावं अशी सगळ्यांची इच्छा. काय करावं? — एक आई

उत्तर:

ताई, उत्तर आधी सांगते, कारणं मागून. म्युनिसिपल कोर्टातल्या कबुलीच्या कागदावर मुलाने सही करू नये. निदान इमिग्रेशनचं काम करणारा वकील तो कागद वाचेपर्यंत तरी नाहीच. मुलाला जी वाट लांबची आणि कटकटीची वाटते, तीच त्याच्या हिताची आहे. दीर सांगतात ती तिसरी वाट या प्रकरणात सगळ्यांत धोक्याची.

तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे. आपण आपल्याकडच्या कोर्टकचेरीच्या हिशोबाने विचार करतो. आपल्याकडे साधी चोरी असेल तर मालकाशी तडजोड करून प्रकरण मिटू शकतं. म्हणून दुकानाचे पैसे भरल्यावर विषय संपला असं तुम्हाला आणि मुलालाही वाटलं. तिथे तसं नाही. दुकानाचं ते पत्र दिवाणी मागणीचं होतं. फौजदारी खटल्यात फिर्यादी सरकार असतं आणि तो खटला चालवायचा की नाही हे काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, सरकारी वकील ठरवतो. त्याला तिथे प्रॉसिक्यूटर म्हणतात. पैसे भरले ते वाया गेले नाहीत, पावती जपून ठेवायला सांगा. पण त्याने खटला थांबत नाही.

या प्रॉसिक्यूटरच्या हातात केवढी ताकद असते, याची आपल्याला कल्पना नसते. आपल्याकडच्या सरकारी वकिलाला दाखल झालेला खटला मागे घ्यायचा तरी कोर्टाची संमती लागते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये ही तरतूद होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडण्याचा १९५८चा परिवीक्षा कायदा आहे, पण तो लागू होतो गुन्हा शाबित झाल्यावर. प्ली बार्गेनिंगही, म्हणजे कमी शिक्षेची तडजोडही, कबुलीशिवाय होत नाही. म्हणजे आपल्याकडे बहुतेक सवलती दोषाचा शिक्का बसल्यानंतरच्या. अमेरिकेत मात्र प्रॉसिक्यूटर म्हणू शकतो, की या माणसावर खटला चालवायचं मी तूर्त थांबवतो, त्याने अमुक इतकी वर्षं अमुक अटी पाळाव्यात, पाळल्या तर आरोप काढून टाकू. याला तिथे ‘डायव्हर्जन’ म्हणतात. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात १९६५च्या सुमारास प्रॉसिक्यूटरच्या कचेरीतून प्रौढ आरोपींसाठी अशी सोय सुरू झाली. न्यू जर्सीत १९७० मध्ये नेवार्कमध्ये सुरुवात झाली. तिथे आरोपींना नोकरीला लावून खटल्यापासून बाजूला काढण्याचा प्रयोग होता, त्यातून पुढे राज्यभराची ‘प्रीट्रायल इंटरव्हेन्शन’ योजना उभी राहिली. तुमच्या मुलाचा वकील सांगतोय ती पीटीआय हीच. पन्नास वर्षं चालू असलेली, कायद्यात लिहिलेली योजना आहे. त्यात गोम नाही.

प्रॉसिक्यूटर फुकट का सोडतो, हा दिरांचा प्रश्न मात्र वाजवी आहे. एक तर तो फुकट सोडत नाही, दीड-दोन वर्षं बांधून ठेवतो. दुसरं, त्याच्या टेबलावर याहून गंभीर प्रकरणांचे ढीग असतात आणि बारकोड बदलणाऱ्या नवख्या आरोपीसाठी ज्यूरी बसवणं त्याला परवडत नाही. तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पहिल्यांदा सापडलेल्या माणसावर दोषाचा शिक्का बसला की त्याला नोकरी मिळणं अवघड होतं, आणि नोकरी नसलेला माणूस पुन्हा त्याच दारात येतो. टेक्सासमधल्या हॅरिस काउंटीतल्या पहिल्यांदाच गंभीर गुन्ह्यात अडकलेल्या लोकांचा मागोवा घेणारा मुलर-स्मिथ आणि श्नेपेल या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना असा शिक्का टळला, त्यांचं दहा वर्षांतलं पुन्हा गुन्ह्यात सापडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं आणि रोजगाराचं प्रमाण जवळपास पन्नास टक्क्यांनी वाढलं. तेव्हा प्रॉसिक्यूटर दयाळू आहे म्हणून सोडतो असं नाही. त्याला त्यात हिशोब दिसतो.

पण त्या टेक्सासच्या पद्धतीत एक काटा आहे आणि तोच तुमच्या मुलाच्या दुसऱ्या वाटेत आहे. तिथे आरोपी आधी कोर्टापुढे गुन्हा कबूल करतो किंवा आरोपाला आव्हान देत नाही. न्यायाधीश दोषी ठरवणं लांबणीवर टाकतो, अटी पाळल्या की प्रकरण बंद. अमेरिकन नागरिकाला हे चालून जातं. परदेशी माणसाला चालत नाही. कारण राज्याच्या कायद्याने ‘रद्द’ झालेली केस इमिग्रेशनच्या केंद्रीय कायद्याने रद्द झालेली असेलच असं नाही. १९९६ पासून त्या कायद्यात ‘दोषी ठरणं’ याची वेगळी व्याख्या आहे. माणसाने गुन्हा कबूल केला असेल, किंवा दोषी ठरण्यापुरती तथ्यं मान्य केली असतील, आणि न्यायाधीशाने त्याच्यावर कुठल्याही प्रकारची शिक्षा, दंड किंवा बंधन घातलं असेल, तर इमिग्रेशनच्या लेखी तो दोषी. राज्याने नंतर केस काढून टाकली तरी दोषीच.

आता तुमच्या मुलाच्या दोन वाटा या व्याख्येसमोर ठेवून पाहा. म्युनिसिपल कोर्टातली सवलत, तिला ‘कंडिशनल डिसमिसल’ म्हणतात, न्यू जर्सीत २०१४ पासून आहे. तिची पहिली पायरीच कबुली किंवा दोषी ठरवणं ही आहे. त्यानंतर वर्षभराची देखरेख. म्हणजे व्याख्येतल्या दोन्ही गोष्टी जमल्या. उलट पीटीआयमध्ये, काही ठरावीक गंभीर किंवा वेगळ्या प्रकारच्या गुन्ह्यांचा अपवाद सोडला तर, कबुली द्यावी लागत नाही. दुकानातल्या चोरीच्या साध्या प्रकरणात तर नाहीच. कबुली नाही, दोष ठरवणं नाही, तर इमिग्रेशनच्या लेखीही तो दोषी नाही. कोर्ट छोटं, आरोप छोटा, मुदत छोटी, आणि परदेशी माणसाच्या कपाळी शिक्का मात्र तिथेच बसतो. तिथल्या नागरिकाला या दोन वाटांत फारसा फरक जाणवणार नाही, म्हणून फक्त फौजदारीचं काम करणारे काही वकीलही यात फसतात.

घाबरवण्यासाठी सांगत नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगते. एकाच किरकोळ गुन्ह्याला इमिग्रेशन कायद्यात एकदाची सूट आहे. गुन्ह्याची कमाल शिक्षा एक वर्षापेक्षा जास्त नसावी आणि प्रत्यक्ष दिलेली शिक्षा सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावी. म्युनिसिपल कोर्टात ज्याला कमाल सहा महिने शिक्षा आहे असा आरोप त्या सुटीत बसू शकतो. तेव्हा मुलाने चुकून सही केलीच असती तरी लगेच आकाश कोसळलं असतं असं नाही. पण ही सूट म्हणजे एकदाच उघडणारी छत्री आहे. पाऊस नसताना ती का उघडायची? शिवाय व्हिसा द्यायचा की नाही, ग्रीन कार्ड मंजूर करायचं की नाही, यात अधिकाऱ्याच्या मर्जीला बराच वाव असतो, आणि दोषसिद्धीचा कागद समोर असला की ती मर्जी कुठे झुकते हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पाडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात निकाल दिला. तो तुम्ही वाचावा असं नाही, पण त्यातली हकीकत ऐका. होझे पाडिया हा व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढलेला, ट्रक चालवणारा माणूस. चाळीस वर्षांहून जास्त काळ तिथे कायमचा रहिवासी. ट्रकमध्ये गांजा सापडला. वकिलाने सांगितलं, इतकी वर्षं इथे आहेस, तुला हद्दपारीची काळजी नको. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीमुळेच हद्दपारी जवळपास अटळ झाली. न्यायालयाने म्हटलं की कबुलीचा हद्दपारीवर काय परिणाम होईल हे आपल्या अशिलाला नीट सांगणं वकिलाचं घटनात्मक कर्तव्य आहे. तेव्हा तुमच्या मुलाने त्याच्या वकिलाला लेखी विचारावं, की या दोन्ही पर्यायांचा माझ्या एच-वन-बीवर आणि ग्रीन कार्डाच्या अर्जावर काय परिणाम होईल. उत्तरही लेखी मागावं. ‘काही होत नाही, माझे कितीतरी अशील असे सुटले’ हे उत्तर नव्हे. ते अशील नागरिक होते का, हे विचारावं.

आता लढण्याबद्दल. मुलाने हे केलंच नसतं तर मी दिरांच्या बाजूने उभी राहिले असते. डायव्हर्जनची ही काळी बाजू आहे खरी. पुरावा कच्चा असला तरी प्रॉसिक्यूटर कार्यक्रम पुढे करतो आणि निर्दोष माणूसही खटल्याच्या धास्तीने तो घेऊन टाकतो. म्हणून अर्ज मंजूर होण्याआधी दुकानाचं सीसीटीव्ही चित्रण आणि पोलिसांचा अहवाल वकिलाने मागून पाहावा, इतकं दिरांचं म्हणणं मान्य. पण किमतीची चिठ्ठी बदलणं हे न्यू जर्सीच्या कायद्यात दुकानचोरी म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. माल पाचशे डॉलरच्या वर गेला की तो तिसऱ्या श्रेणीचा गुन्हा होतो आणि त्याला तीन ते पाच वर्षांची शिक्षा लिहिलेली आहे. पहिल्या गुन्ह्याला तिथे सहसा तुरुंग होत नाही हे खरं, पण इमिग्रेशनवाले शिक्षा होऊ शकली असती किती हेही मोजतात. हरलेला खटला तुमच्या मुलाला सगळ्यांत महाग पडेल, आणि जिंकायचा कसा, हे दिरांनी अजून सांगितलेलं दिसत नाही.

लाचेबद्दल तुम्हाला वाटतं ते मला आवडलं, म्हणून नीट उत्तर देते. पीटीआयच्या अर्जाचं शुल्क पंचाहत्तर डॉलर आहे, तेही ऐपत नसेल तर माफ होऊ शकतं. प्रॉसिक्यूटरच्या खिशात काही जात नाही. अर्ज मंजूर करताना कोणत्या गोष्टी पाहायच्या याचे सतरा निकष कायद्यात दिलेले आहेत. गुन्ह्याचं स्वरूप, आरोपीचं वय आणि हेतू, ज्याचं नुकसान झालं त्याची इच्छा, असे. नकार मिळाला तर न्यायाधीशाकडे दाद मागता येते, फक्त ती मिळणं फार अवघड असतं, कारण प्रॉसिक्यूटरचा निर्णय उघडउघड मनमानीचा होता असं दाखवावं लागतं. पैसेवाल्याला चांगला वकील मिळतो आणि चांगल्या वकिलाचा अर्ज चांगला लिहिलेला असतो, हा अन्याय आहेच. पण तो तुमच्या मुलाने नाकारून दूर होणार नाही.

अर्जाबद्दल एक सावधगिरी. मुलगा मनाने हळवा झालेला दिसतो. अशी माणसं प्रॉसिक्यूटरला पानभर पत्र लिहितात, ‘मी केलं, मला फार लाज वाटते’ म्हणून. असं पत्र वकिलाने वाचल्याशिवाय कुठेही जाता कामा नये. व्याख्येतलं ते ‘तथ्यं मान्य करणं’ लक्षात आहे ना? पश्चात्ताप खरा असू दे, पण तो कागदावर कसा उतरवायचा हे वकील ठरवेल. तुम्हीही त्याला व्हॉट्सअॅपवर ‘तू चोरी का केलीस’ असं लिहून विचारू नका. त्याच्याकडून लेखी उत्तर काढू नका. बोला, लिहू नका.

मंजुरी मिळाली की पुढची वर्षं कंटाळवाणी जातील. देखरेख जास्तीत जास्त तीन वर्षं असू शकते, वकील म्हणतो ती दीड-दोन वर्षं शक्य आहेत. प्रोबेशनच्या माणसाकडे ठरल्या वेळी हजेरी, थोडी समाजसेवा, एखादं समुपदेशनाचं सत्र. पत्ता किंवा फोन बदलला तर कळवायचं. राज्याबाहेर जायचं तर विचारून. या काळात पुन्हा अटक झाली तर पीटीआय जातं आणि खटला थांबला होता तिथून पुढे चालू होतो. त्याने दारू पिऊन गाडी चालवू नये, पार्किंगवरून कुणाशी हातघाईवर येऊ नये, आणि खरं सांगायचं तर काही दिवस सेल्फ-चेकआउटला उभंच राहू नये, माणूस असलेल्या काउंटरवर जावं. ही सोय आयुष्यात एकदाच मिळते. आज म्युनिसिपल कोर्टातली सवलत घेतली तर पुढे कधी पीटीआयचं दारही बंद होतं, हेही त्या ‘लवकर मिटेल’वाल्या वाटेचं दुखणं.

सगळं नीट पार पडून आरोप काढून टाकल्यावर सहा महिन्यांनी नोंद पुसण्यासाठी, म्हणजे एक्सपंजमेंटसाठी, अर्ज करता येतो. तो जरूर करावा, नोकरीच्या ठिकाणच्या चौकशीत त्याचा उपयोग होतो. मात्र इमिग्रेशनच्या फॉर्मवर ‘कधी अटक झाली होती का’ असा प्रश्न येतो तेव्हा उत्तर ‘हो’च द्यायचं, नोंद पुसली असली तरी. खटला रद्द झाल्याचा कोर्टाचा शिक्का मारलेला कागद सोबत जोडायचा. रद्द झालेली केस सहसा माफ होते. लपवलेली केस पकडली गेली तर ती खोटं बोलल्याची नवी केस होते. नोंद पुसण्याआधी त्या कागदाच्या प्रमाणित प्रती काढून ठेवायला सांगा, नंतर त्या मिळवणं अवघड जातं.

बातम्यांत तुम्ही कदाचित जानेवारी २०२५च्या लेकन रायली कायद्याबद्दल वाचलं असेल, दुकानचोरीच्या आरोपावरूनही परदेशी माणसाला कोठडीत ठेवतात म्हणून. तो मुख्यतः ज्यांचा प्रवेश किंवा कागदपत्रं रीतसर नाहीत त्यांच्यासाठी आहे. तुमचा मुलगा रीतसर आत आला आहे. त्याने आपला दर्जा मात्र तुटू देऊ नये. एच-वन-बीवर नोकरी सुटली तर दुसरी सोय करायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि सूनबाई एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, असेल तर तिचाही दर्जा त्याच्याच मागे बांधलेला असतो. तेव्हा या दिवसांत रागाच्या भरात राजीनामा वगैरे नको.

‘हे का केलं’ याचं उत्तर मी इथून देऊ शकत नाही. पैशाची गरज नसताना दुकानातून उचलणारी माणसं पुष्कळ असतात, आणि त्यांच्या घरच्यांना प्रत्येक वेळी पगाराचा आकडाच आठवतो. पीटीआयमधलं समुपदेशन मिळालं तर ते त्याने हजेरी लावण्यापुरतं न घेता मन लावून घ्यावं, एवढं त्याला सांगा. प्रत्येक फोनवर तोच प्रश्न विचारू नका. एकदा विचारा, तो बोलेल तेवढं ऐका.

यजमानांना सांगायचं काम तुमचं नाही, मुलाचं आहे. त्याला एक तारीख द्या, कोर्टाच्या पुढच्या तारखेच्या आधीची, आणि त्या दिवशी तुम्ही दोघं फोनजवळ बसा. ते चिडतील. पण बाहेरून कळलं तर तुमच्यावर जास्त चिडतील, आणि दिरांना ठाऊक असलेली गोष्ट घरात किती दिवस लपणार?

राहिलं लग्न. डिसेंबरात त्याने येऊ नये. कार्यक्रमात असेल तर परवानगी लागेल, आणि ती मिळाली तरी परत जाताना व्हिसावर नवा शिक्का घ्यायची वेळ आली तर कॉन्सुलेटच्या खिडकीपुढे अटकेचा प्रश्न येणारच. तिथे अडकला तर नोकरी तिकडे आणि तो इकडे. जाऊबाईंना आत्ताच कळवून टाका, हॉल आणि पानांची संख्या ठरण्याआधी. कारण विचारलं तर व्हिसाचं काम चालू आहे म्हणा. ते खोटंही नाही.